वर राहिलेले हात

मामाची ओळख मामाच करून देतो, दुसऱ्या कुणाला ती संधी मिळत नाही. ‘नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं आणि मेंदू...’ इथे तो जरा थांबतो. ‘मेंदू माझा स्वतःचा.’ या शेवटच्या मुद्द्यावर आजवर कुणी वाद घातलेला नाही.

पोटापाण्यासाठी मामा चष्म्याच्या दुकानात नोकरी करायचा. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि ते चुकलं की समाधानाने मान डोलवायची, हे त्याचं काम. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की मामातला गुप्तहेर वर यायचा, आणि त्याची सातवीतली भाची टाचणी मदतनीस म्हणून जुंपली जायची. पगार नाही, सुट्टी नाही. तपास चुकला तर चूक मात्र टाचणीची.

या वेळी टाचणी आपणहून त्याच्याकडे गेली, कारण प्रकरण तिच्या बाकाचं होतं.

तिच्या शाळेत सहावी, सातवी, आठवी असे तीनच वर्ग, पण मुलं अशी कोंबलेली की एकाला शिंक आली तर पूर्ण रांग हलायची. एक तुकडी ग्रंथालयात भरायची, दोन सभागृहात, आणि एक प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या सोबतीने. सांगाडा काचेच्या कपाटात एकटाच राहायचा. अख्ख्या शाळेत तेवढाच काय तो ऐसपैस होता. दोघांच्या बाकावर चौघं बसायची. कडेची मुलं अर्धी बाकावर आणि अर्धी हवेत. मध्ये टाचणी आणि तिची मैत्रीण उशी. टाचणी कुठेही टोचून घुसणारी, उशी तिला खांद्यावर टेकू देणारी. शेजारच्या प्राथमिक शाळेत पहिलीला असल्यापासून दोघींचं बाक एक.

आणि आता मुख्याध्यापिकाबाईंनी जाहीर केलं होतं की सोमवारपासून शाळा दोन सत्रांत भरेल. बाकाची डावी बाजू सकाळी, उजवी दुपारी. म्हणजे टाचणी घरी निघणार तेव्हा उशी शाळेत शिरणार, आणि दोघींची भेट फाटकात, तीही घाईत.

‘पालकांनीच एकमताने मान्य केलंय,’ बाई म्हणाल्या होत्या. ‘सभेत सगळ्यांचे हात वर होते. मी स्वतः पाहिलं.’

गंमत अशी, की घराघरांत विचारावं तर एकही हात वर झालेला नव्हता. टाचणीच्या आईने साफ ‘नाही’ म्हणून सांगितलं. उशीचे बाबा बस चालवायचे, पहाटे घराबाहेर. दुपारच्या सत्राला उशीला घरातून कोण काढणार म्हणून तेही विरोधात. शिंपीकाका, बेकरीवाल्या काकू, सगळे शपथेवर नाहीच म्हणत होते.

‘हात वर आहेत, पण हातांना मालक नाहीत,’ मामा डोळे बारीक करून म्हणाला. ‘टाचणे, प्रकरण गंभीर आहे.’

‘शनिवारी पुन्हा सभा आहे, मामा. त्यात ते कायमचं ठरेल.’

‘शनिवार म्हणजे भरपूर वेळ.’ तेव्हा शुक्रवारची सकाळ होती, आणि मामाने दुकानातून सुट्टी घेतली.

मामाचा पहिला सिद्धांत शिंपीकाकांवर होता. जो माणूस इतक्या बाह्या शिवतो त्याला खोटे हात शिवायला कितीसा वेळ लागणार? मामा दुकानात जाऊन आडून आडून चौकशी करू लागला, आणि शिंपीकाकांनी त्याला गिऱ्हाईक समजून मापं घेतली. बाहेर पडला तेव्हा हातात पुरावा नव्हता, पण एका सदऱ्याची ऑर्डर देऊन झाली होती.

दुसरा सिद्धांत शाळेच्या फाटकापाशी सापडला. मामा खांबामागे लपला होता. खांब सडपातळ आणि मामा नाही, त्यामुळे येणारे-जाणारे त्याला हात करत होते. तेवढ्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला, ‘कालचा पालक उरलाय गं. पाणी मारते आणि आजचा म्हणून पुढे बसवते.’

मामाने टाचणीचं मनगट घट्ट धरलं. ‘ऐकलंस? तोतये पालक. सभेत खरे पालक नव्हतेच. पुढच्या रांगेत कालचे बसवले होते.’

‘मामा, ती भाजीवाली आहे.’

‘वेश उत्तम आहे,’ मामा म्हणाला. तरी जाताना संशयास्पद म्हणून दोन जुड्या त्याने ताब्यात घेतल्या.

तिसऱ्या सिद्धांतावर मामा फार खूश होता. गावातले निम्मे पालक याच शाळेत शिकलेले, आणि सगळ्यांना कवायत शिकवली ती पीटीच्या सरांनी. सरांची शिट्टी वाजली की हात वर, अशी सवय. सभेत सरांनी गुपचूप शिट्टी फुंकली असणार. मामाने मैदानावर जाऊन सरांवर थेट आरोप केला. सरांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. मामाचे दोन्ही हात खाडकन वर गेले. तोही याच शाळेचा.

‘सभेच्या वेळी शिट्टी माझ्या घरी होती,’ सर म्हणाले. ‘हात खाली घे आता, आणि पोट आत.’

त्या संध्याकाळी टाचणीने मामाशी बोलणं टाकलं. उशीने तिला बाकाच्या मधोमध दोघींची नावं कोरायची का असं विचारलं होतं, म्हणजे डावी-उजवी करता येणार नाही. उशी कधी नियम मोडत नसे. ती असं विचारतेय म्हणजे तिने आशा सोडली, हे टाचणीला कळलं. मामाने तिचा चेहरा पाहिला. मग चौथा सिद्धांत न मांडता त्याने पालकाच्या दोन्ही जुड्या निवडून दिल्या.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन तुकड्यांची बाकं तिथेच होती, कारण ती हलवायची कुठे? उरलेल्या पट्ट्यात सगळे पालक, खांद्याला खांदा नव्हे, खांद्यावर खांदा. टाचणी, तिची आई आणि मामा मधोमध अडकले.

मुख्याध्यापिकाबाईंनी माइक हातात घेतला. ‘मागे आवाज येतोय का? येत असेल त्यांनी हात वर करा.’

सगळ्यांनी हात वर केले.

‘छान. तर दोन सत्रं ज्यांना मान्य आहेत, त्यांनी हात वर करा.’ बाईंनी सभागृहावर नजर फिरवली. ‘बघा, आजही एकमत.’

‘तोतये!’ मामा गर्दीतून ओरडला. ‘कुणीही हलू नका.’ ही सूचना अनावश्यक होती. हलणं कुणालाच शक्य नव्हतं. मामाला आरोपीकडे बोट दाखवायचं होतं, पण त्याचा हातही वरच होता, म्हणून त्याने छताकडे दाखवलं. सगळे वर पंख्याकडे बघू लागले.

तेव्हा टाचणीची आई वैतागून म्हणाली, ‘अहो बाई, आधी हात खाली घ्यायला जागा तरी द्या. मघाशी आवाजासाठी वर केला, तो बेकरीवाल्या वहिनींच्या पर्सच्या पट्ट्यात अडकलाय. गेल्या खेपेलाही असाच अडकून राहिला होता.’

सगळ्यांनी पंख्यावरून नजर काढून आपापल्या हाताकडे पाहिलं.

‘माझाही,’ उशीचे बाबा म्हणाले. ‘मी हात वर केला नव्हता. तो वर राहिला होता.’

टाचणीने चारी बाजूंना पाहिलं. हात, हात आणि हात, सगळे बिचारे परत जायची वाट बघणारे. ती इतकी हसली की आजूबाजूचे चार जण तिच्याबरोबर हलले.

बाई स्वतःही हसल्या आणि त्यांनी सभा मैदानावर नेली. तिथे हातांना जागा मिळाली आणि मतांनाही. बेकरीवाल्या काकू मैदानात पत्र्याचे वर्ग बांधा म्हणाल्या, तसे पीटीचे सर मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हलेनात. शिंपीकाका म्हणाले, नवीन प्रवेश बंद करा. यावर ज्यांची धाकटी पोरं पाचवीत होती ते खवळले. शेवटी उशीचे बाबा म्हणाले, शेजारच्या प्राथमिक शाळेचा वरचा मजला रिकामाच असतो, आठवीला तिकडे का नेत नाही? बाईंनी मत घेतलं. या वेळी हात वर गेले आणि खालीही आले. दोन सत्रं रद्द.

‘आता एकच,’ बाई म्हणाल्या. ‘आठवीची बाकं उचलून न्यायला उद्या कोण कोण येणार?’

मैदानात एवढी मोकळी हवा, पण एकही हात वर दिसेना. तरीही, आपल्या भाषेत सांगायचं तर, सगळ्यांनी हात वर केले.

पीटीच्या सरांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

खाडकन सगळे हात वर. सगळ्यांत आधी मामाचे, दोन्ही.

‘टाचणे,’ तो हात खाली न घेता, विजयी चेहऱ्याने म्हणाला, ‘माझा तिसरा सिद्धांत.’

सोमवारी टाचणीच्या बाकावर दोघीच होत्या. दोन्ही कडांना भरपूर जागा होती, पण दोघी मधोमध चिकटूनच बसल्या, आणि ती तशीच मोकळी राहिली.