चाळीस फांद्यांची ठिणगी

सासूबाईंनी धाकट्या सुनेच्या ठिणगीचा फोटो सोफ्याच्या वर टांगला, त्या दिवसापासून थोरलीला सोफ्यावर बसवेना.

दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत. काचेच्या नळकांड्यात वायू भरायचा, विजेचा दाब द्यायचा आणि ठिणगी कशी फुटत जाते त्याचा फोटो काढायचा. थोरलीला तिथे बारा वर्षं झालेली, धाकटीला दोन. पण थोरलीच्या ठिणगीला मोजून चार फांद्या आणि धाकटीच्या ठिणगीला चाळीस! थोरलीचं नळकांडं जुनं, कुठूनतरी हवा खातं. पण हे सासूबाईंना कोण सांगणार?

"किती भरलेलं झाड आहे नाही?" येईल त्याला त्या दाखवायच्या.

"आणि थोरलीचं?"

"तिचं आहे आपलं. कपाटात."

आज साहेब प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीसाठी फोटो निवडणार होते. धाकटी चहाला गेली आणि थोरलीचा हात आपोआप तिच्या नळकांड्याच्या झडपेवर गेला. एवढीशीच फिरवली, जराशी हवा आत. शुद्ध नायट्रोजनमध्ये माजलेल्या फांद्या हवेने कशा आटोक्यात येतात, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

धाकटीने येऊन बटण दाबलं. चार फांद्या.

"अगंबाई! ताई, हे काय झालं?"

"होतं गं कधीकधी," थोरली मायेने म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले. धाकटीचा सकाळचा फोटो आणि हा, दोन्ही शेजारी धरून बघतच राहिले; मग त्यांची नजर किंचित फिरलेल्या झडपेवर गेली.

"तेच नळकांडं, तोच दाब, फक्त हवा मिसळली आणि फांद्या गळाल्या! वर्षभर हेच तर मागतोय मी. कोणाचं डोकं हे?"

थोरली पेचात पडली. 'माझं' म्हणावं तर लबाडी उघडी. गप्प बसावं तर ही भिंतही धाकटीची!

"ताईंचं," धाकटी म्हणाली. "झडप फिरवताना बघितलं मी दारातून. मला शिकवायलाच करत होत्या. म्हणून तर विचारलं ना, काय झालं ते!"

थोरलीने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

दोन्ही फोटो भिंतीवर लागले. संध्याकाळी सासूबाईंनीही दुसरा फोटो कौतुकाने पहिल्याशेजारी टांगला आणि शेजारणीला हाक मारली.

"हे बघा, हे धाकटीचं झाड," त्या म्हणाल्या, "आणि हे थोरलीने छाटल्यावर."