लेन्स साफ होईपर्यंत

खानोलकर भाऊजी "हलू नका" म्हणाले की समजावं, आता पाय भरून येईपर्यंत सुटका नाही. आधी माणसांना उभं करायचं आणि मग कॅमेऱ्याची बटणं शोधायची, ही त्यांची पद्धत. आमच्या चिनूच्या वाढदिवसाला ते आयएसओ नावाचं कॅमेऱ्यातलं काहीतरी लावत बसले आणि मेणबत्त्या वितळून केकवर पसरल्या. "वहिनी, घाई नको. लाईट वाचावा लागतो!" तेवढ्यात माझी एक कादंबरी वाचून झाली असती.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचे फ्लॅट शेजारी शेजारी. भाऊजींची नोकरी जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये. एखादा कंटेनर अडकला तर हा माणूस फोनवर "यल्ला, यल्ला" करून अख्खा मजला जागा करतो. पण गळ्यात कॅमेरा पडला की घाई खलास.

कॅमेरा घेतला तो सईसाठी. सई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, इथेच लहानाची मोठी झालेली. ती सप्टेंबरमध्ये शिकायला कॅनडाला निघाली होती. "जायच्या आत तिचा एक तरी खरा फोटो काढणार. मोबाईलवरचा नव्हे!" असं भाऊजींनी जाहीर केलं आणि व्हिडिओ बघून विद्याभ्यास सुरू झाला. सरावाला अर्थातच आम्ही. रूल ऑफ थर्ड्स, म्हणजे माणूस मधोमध नको, असं शिकले त्या दिवशी आमचे हे फोटोच्या कडेला जाऊन अर्धेच उरले. फोकस शिकले तेव्हा आम्ही सगळे धूसर आणि मागचा फ्रिज मात्र लख्ख. फ्रिजचा इतका देखणा फोटो मी जाहिरातीतही पाहिलेला नाही. भाऊजींनी तो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कँडिड'.

खरी गंमत ऑगस्टमध्ये झाली. इथल्या ऑगस्टात एसीत गारठलेला कॅमेरा बाहेर नेला की लेन्सवर वाफ धरते. नवशिक्याला हे कोण सांगणार! बाल्कनीतून निघालेला पांढराफटक फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला, 'धुक्यातली दुबई'. बाहेर माणसं भाजून निघत होती आणि ह्यांच्याकडे धुकं! वर कौतुकाचे अंगठेही मिळाले.

मग रोज संध्याकाळी बाल्कनीत तोच खेळ. सई कठड्यापाशी उभी आणि भाऊजी लेन्स पुसतायत. मी माझ्या बाल्कनीत वाळलेले कपडे काढत असायची, त्यामुळे सगळं कानावर पडायचं.

"बाबा, जस्ट यूज युअर फोन!"

"फोनमध्ये आत्मा नसतो गं. थांब, वाफ जाऊ दे."

मग थांबल्या थांबल्या सई बोलायला लागायची. रूममेट कशी असेल, बर्फात बूट कुठले घालायचे. एकदा म्हणाली, "आय अ‍ॅम अ बिट स्केअर्ड, बाबा." भाऊजी लेन्स पुसत नुसते हं हं करत होते.

इकडे दिवस संपत आले आणि फोटोचा पत्ता नाही. शेवटी मलाच राहवेना. निघायच्या आदल्या संध्याकाळी सई पाणी प्यायला आत गेली, तशी मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "भाऊजी, आजचा शेवटचा दिवस. कॅमेरा आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा, मग बाहेर आणून थोडा वेळ तसाच ठेवायचा. लेन्सवर वाफ धरत नाही."

त्यांचा हात थांबला. "माहीत आहे, वहिनी. पहिल्याच आठवड्यात कळलं."

"अहो, मग?"

"फोटो निघाला की ती खोलीत जाणार आणि दार लावून घेणार," ते आवाज खाली आणून म्हणाले. "वाफ असली की इथे थांबते. बोलते माझ्याशी."

घडी घातलेल्या टॉवेलची मी पुन्हा घडी घातली.

तेवढ्यात सई आली. "बाबा, इज इट क्लिअर नाऊ?"

लेन्स स्वच्छ झाली होती. मला माझ्या बाल्कनीतून दिसत होती.

"थांब बाळा," भाऊजी पुन्हा पुसायला लागले. "अजून थोडी आहे."

"ओके," म्हणत सई कठड्याला टेकली. "तर मी काय सांगत होते, बाबा..."