कुमुदताईंचा जुना कॉम्प्युटर

कॉम्प्युटर झाकून पुष्कळ लोक ठेवतात. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कुमुदताई मात्र गारठा पडला की त्याच्यावर आणखी एक जाड कापड घालतात. विरारला गारठा तो किती पडणार, पण घालतात.

मुंबईतल्या एका कंपनीत त्या आयुष्यभर टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर विरार पश्चिमेला आमच्या मजल्यावर राहायला आल्या आणि पहिली खरेदी केली ती या कॉम्प्युटरची. सोसायटीच्या नोटिसा त्याच टाइप करतात. पाण्याचा टँकर उशिरा येणार असला तर त्यांच्या नोटिशीत तो ‘विलंबाने येण्याची शक्यता नाकारता येत नाही’. सेक्रेटरी म्हणतात, वाचून होईपर्यंत टँकर येऊन जातो.

कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता, की बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत कुणाचीही भाजी चिरून फोडणीला पडली असती. ताई भाजी चिरत नसत. बटण दाबायच्या, दार उघडं टाकायच्या आणि आमची बेल वाजवायच्या.

“उठतोय तो,” असं म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. मग माझ्या बायकोला, “अनघा, मला अर्धाच कप.” अर्धा कप दोनदा व्हायचा. अर्नाळ्याहून येणारी कोळीण बोंबील ताजे म्हणते ते कितपत खरं, यावर चर्चा रंगात आली की समोरून कॉम्प्युटर सुरू झाल्याची छोटीशी धून ऐकू यायची. “बोलावतोय,” म्हणत ताई अर्ध्या वाक्यातून उठायच्या.

मग एक दिवस बँकेची वेबसाइट त्याच्यावर उघडेना. ताई स्टेशनजवळच्या एका दुकानात चौकशीला गेल्या आणि तणतणत परत आल्या.

“म्हणे, मावशी, भंगारात द्या. तब्येत बघितली नाही, काही नाही. एकदम भंगार?”

कॉम्प्युटर दुरुस्ती हे माझंच काम. मी सगळं समजावून सांगितलं. नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही, जुनीच ठेवली तर बँकेचे व्यवहार धोक्याचे. तिसरा मार्ग म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स. हलकी असते, जुन्या मशीनवरही पळते आणि फुकट मिळते.

“फुकट का?”

“लोक मिळून बनवतात, ताई.”

“कोण लोक?”

“जगभरचे.”

“त्यांना घरची कामं नसतात?”

त्यानंतर रोज सकाळी खुर्चीत बसून माझी उलटतपासणी. जुन्या नोटिसा उघडतील का? प्रिंटर ऐकेल का? आणि मुख्य म्हणजे, ‘कोऱ्या’तला अर्धा र नीट उमटेल का? शेवटी मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवली. ताईंनी ‘दऱ्याखोऱ्या’ टाइप केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून बघितलं.

“उमटला. टाक.”

रविवारी मी कॉम्प्युटर उचलून आमच्या घरी आणला. मागून ताई वायरी धरून चालत आल्या. मी तो उघडल्यावर पेशंटच्या नातेवाइकासारख्या हातात नॅपकिन धरून बाजूला बसून राहिल्या. “फाइली सगळ्या आहेत ना?” एवढंच अधूनमधून विचारायच्या.

मी हार्ड डिस्क बदलून नवी, वेगवान बसवली, लिनक्स टाकली आणि बटण दाबलं. ताई सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे निघाल्या होत्या.

“झाला सुरू,” मी म्हणालो.

“एवढ्यात?”

मला ती शाबासकी वाटली.

पुढे आठवडाभर आमची बेल वाजली नाही. अनघा म्हणाली, “ताई बऱ्या आहेत ना? बघून ये जरा.”

त्यांचं दार बंद होतं. बेल वाजवल्यावर लगेच उघडलं. आत कॉम्प्युटर सुरू होता आणि पुढच्या नोटिशीची प्रिंट टेबलावर तयार होती.

“काही अडतंय का?” मी विचारलं.

“छे, छान चालतो. नोटीस झाली, बँकेचं झालं. सकाळी सकाळीच सगळं आटपतं.” त्यांनी पडदा पुसल्यासारखं केलं. “पूर्वी मी त्याच्यासाठी थांबायची. आता नुसतीच थांबते.”

“मग आमच्याकडे का नाही आलात?”

“काय सांगून येऊ?”

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात कामापुरताच आलेलो होतो. चपला काढून आत जाऊन बसलो आणि म्हणालो, “चहा टाका ताई. मला अर्धा नको, पूर्ण कप.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर एकच कप उपडा घातलेला होता. दुसरा वरच्या फळीवर होता, विरारला सामान आणताना गुंडाळलेल्या कागदातच. ताईंनी कागद सोडवला, कप धुतला, पुसला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि पुन्हा धुवायला घेतला.