रमाकांतभाऊजी आणि मोरीचा श्वास

या, जवळ सरका. दारातच उभे राहून काय ऐकता? अर्धं ऐकायचं आणि उरलेलं पदरचं घालून चारचौघांत सांगायचं, ही तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. बसा नीट. आमच्या शेजारच्या रमाकांतभाऊजींची गोष्ट सांगायची आहे, आणि ती अर्धी ऐकून चालायची नाही.

हा गृहस्थ कोणाच्याही घरी गेला की आधी मोरीत जातो. माणसं देवाला हात जोडतात, हे जाळीपुढे उकिडवे बसतात, डोळे मिटतात आणि नाक खाली नेतात. मग बाहेर येऊन समोर असेल त्याला विचारतात, "वास येता काय हो?" आमच्या मजल्यावर एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. कांदेपोहे हातात, बोलणी रंगात, आणि भाऊजी बाथरूममधून धोतर सावरत बाहेर आले ते थेट नवऱ्या मुलाला, "तुमका वास येता?" लग्न जमलं. मुलीचं नशीब, दुसरं काय!

काळाचौकीची आमची चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला तेव्हा सगळे खूश, हे एकटे घाबरलेले. चाळीत मोरीचं पाणी कुठे जातं ते डोळ्यांना दिसायचं. इथे अकराव्या मजल्यावर ते भिंतीत शिरतं आणि नाहीसं होतं. जाळीखाली वाटीभर पाणी कायम साठून असतं, तेवढंच काय ते गटार आणि घर यांच्यामधलं दार, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना पढवलेलं. मोरी वापरात नसली की ते पाणी सुकतं आणि दार उघडं पडतं. म्हणून गणपतीला अख्खा मजला कोकणात गेला की चाव्या भाऊजींकडे. रोज संध्याकाळी तांब्या घेऊन कुलूपबंद घरांतून फिरतात आणि प्रत्येक मोरीत पाणी ओततात, अळूला घालावं तसं. स्वतः काही गावाला जात नाहीत.

आम्ही हसायचो. मग एकदा त्यांनी मला मिलमधली गोष्ट सांगितली आणि माझं हसू गेलं.

ते तेव्हा देखभाल खात्यात, विशीतले. मागचं गटार तुंबलं म्हणून एक माणूस आत उतरला. थोड्या वेळाने खालून त्याने आनंदाने आवाज दिला, "वास गेला रे!" वरचे हसले. त्यानंतर त्याचा आवाज आलाच नाही.

"वयनी, वास खय जाता? नाक गेला होता त्याचा," भाऊजी म्हणाले. "जो वास मारता, तो आधी नाक मारता."

आता ऐका. त्यांची बायको, आमची सुनंदा, हिचं नाक दोन-तीन वर्षांपूर्वी एका तापात गेलं ते परत आलं नाही. दूध करपलं तरी तिला कळत नाही. ती हसून सांगते, "चाफा आणि फिनेल मला सारखंच!" ती हसते आणि भाऊजींचा चेहरा पांढरा पडतो. दिवसभर ती घरात, तिची खाट बाथरूमच्या भिंतीला लागून. मोरीतून काही आलं तर कळायचं कोणाला? त्या घरात नाक एकच उरलं होतं.

त्यात त्यांच्या मुलीने हौसेने वॉशिंग मशीन पाठवलं. मी भर दुपारी सुनंदाकडे बसले होते. मशीनने पाणी सोडलं आणि मोरीतून आवाज आला, कोणी म्हातारा घसा खाकरतो ना, तसा. गुड, गुड, गुड. मग सुस्कारा. भाऊजी धावले. जाळी उचलली तर खालचं पाणी गायब! आणि तो वास. सुनंदा शांतपणे शेंगा निवडत बसलेली. माझ्या अंगावर काटा आला तो वासाने नाही, तिच्या त्या शांतपणाने.

प्लंबरने येऊन समजावलं. मशीन एकदम पाणी टाकतं, मागून पाइपला हवा लागते. हवा मिळाली नाही की तो मोरीतून ओढतो आणि जाळीखालचं पाणी पिऊन टाकतो. "काका, पाइप को भी साँस चाहिए." हवेसाठी बाहेरून पाइप काढावा तर सोसायटी भिंतीला भोक पाडू देईना. मग एकच उपाय, हवेचा व्हॉल्व्ह. मुठीएवढी वस्तू. हवा आत घेते, वास बाहेर सोडत नाही.

"ह्याचा काय भरोसो?" भाऊजी म्हणाले. "ज्या दारान माणूस आत येता, त्याच दारान भायर जाता."

चाळीत वाढलेला माणूस, त्याला दार एकच ठाऊक!

लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानात मला घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. पाइपच्या मापाचे व्हॉल्व्ह मागवले आणि एकेक रुमालाने पुसून तोंडाला लावू लागले. ओढला की हवा यायला हवी, फुंकला की बंद व्हायला हवा. दुकानदार म्हणाला, "काका, बाजा नहीं है!" ह्यांचं लक्ष कुठे? गाल फुगलेले, कपाळाची शीर तट्ट. एकाची आतली रबरी चकती फुंकल्यावर किंचित सूं सूं करायची. तो त्यांनी विंचू टाकावा तसा टाकला. सहावा पसंत पडला. तोही माझ्या कानाला लावून तीनदा फुंकला. "वयनी, आयकाक येता काय?" नाही म्हटलं तेव्हा कुठे घरी आलो.

प्लंबर म्हणाला, टाइलमागे लपवतो, छान दिसेल. भाऊजी खवळले, "रखवालदाराक कोण भिंतीत चिणता?" मशीनच्या वर, हात पोचेल असा उघड्यावर बसवला. गुडगुड थांबली.

आठ दिवसांनी परत सुरू! प्लंबर येऊन बघतो तर व्हॉल्व्हवर दुधाची पिशवी, वर रबरबँड. कोणाचं काम ते सांगायला नको. चुकून वास निसटला तर म्हणून! "काका, गला घोंट दिया आपने उसका," तो ओरडला. भाऊजींनी पिशवी काढली, पण फेकली नाही, घडी करून खिशात ठेवली. मी मनात म्हटलं, इतकं भ्यायचं कशाला? नाक आहे ना यांचं अजून शाबूत.

मागच्या महिन्यात मी गॅसवर सुके बोंबील भाजत होते. वासाने लिफ्टमधली माणसं आमच्या मजल्यावर वळून बघतात. भाऊजी साखर मागायला आले, माझ्या ओट्याशी, शेगडीपासून हातभर उभे राहिले आणि म्हणाले, "वयनी, आज उपास काय? सगळा कसा शांत शांत."

मालवणी माणूस, हो! बोंबलासमोर!

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्यांनी तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीला टेकले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्स झाला. नाक थोडा थोडा करून गेला." मग अगदी हळू, "सुनंदाक सांगू नका. तिका वाटता, एक नाक जाग्यार आसा. म्हणान ती झोपता तरी."

तेव्हापासून रोज चार वाजता मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जाते. मोरीत वाकते, बाहेर येऊन म्हणते, "स्वच्छ आहे हो." सुनंदाला वाटतं, म्हातारीला भाऊजींची लागण झाली. वाटू दे.

पण पुढच्या महिन्यात मी नातीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला चालले, महिनाभर तरी. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. या हो लवकर, माझी पाठ वळायच्या आत एकदा या, म्हणजे ओळख करून देते. मग मी नसताना रोज चारला जा, सुनंदाच्या हातचा चहा घ्या, मोरीत हात धुवायच्या निमित्ताने जरा खाली वाका, आणि खरं काय ते भाऊजींना डोळ्यांनी सांगा. फक्त येताना सर्दी घेऊन येऊ नका.