पाणी घातलेलं दूध

आमच्या शेजारचे बापू सकाळी उठून देवाचं नाव घेत नाहीत. नातवाचा लंगोट उघडतात. मग कुंपणाच्या भिंतीवरून मला हाक येते, "आक्का, चष्मा घिऊन या. सँपल बघायचंय."

बापूंनी उभा जन्म पेठच्या डेअरीत दूध तपासलं. कुणाच्या कॅनमध्ये तांब्याभर पाणी आहे, हे त्यांना नुसत्या वासावर कळायचं. सख्ख्या मेव्हण्याचं दूध परत करताना म्हणाले होते, "पावणं, म्हशीला दोष देऊ नका."

लेक सुनीता बाळंतपणाला आली, तिला दूध पुरेना. डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली आणि बापूंचं डोकं फिरलं. शी हिरवी दिसली की घाबरायचे. पिवळी दिसली की म्हणायचे, "कालच्यापरीस फिकी हाय." मी पाच पोरं वाढवली, पण रंग बघत बसायला मला वेळ नव्हता. शिवाय माझी सगळी अंगावर प्यायलेली. डब्यावरच्या पोराचं मला काय कळणार?

मागच्या महिन्यात तीन दिवस पोराला शी झालीच नाही. पोर लाल होऊन कुंथत होतं आणि समोर बसून बापूही कुंथत होते. चौथ्या दिवशी झाली ती शेळीच्या लेंड्यांसारखी. मी म्हटलं, गुटी द्या. सुनीता म्हणाली, डॉक्टरांनी वरचं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. मोबाइल तिसरंच सांगत होता. बापू म्हणाले, "आक्का, माल तर एक नंबर जातोय. मग हे असं कसं?"

शेवटी सगळे मंचरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"दूध कोण बनवतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," बापू म्हणाले.

"किती चमचे टाकता?"

बापू जमिनीकडे बघायला लागले. "दोन टाका म्हणून लिवलंय. मी तीन टाकतो."

"का?"

"बाई, दोन चमच्याला तेवढं पाणी घालायला माझा हात धजत न्हाई."

बाई हसल्या नाहीत. घट्ट दुधानंच पोर कोंडलंय म्हणाल्या. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढेच सपाट चमचे.

येताना एसटीत सुनीता पोराला घेऊन पुढं बसली होती. मी बापूंना झापलं, "सगळ्या गावाला मापात ठेवलंत, स्वतःला काय झालं?"

ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "सुनी ल्हान व्हती तवा तिची आई अंथरुणाला खिळलेली. म्हशीचं दूध डेअरीला जायचं. मागं राहील त्यात पाणी वाढवून सुनीला पाजायचो. अन् दिवसभर लोकांची दुधं माघारी धाडायचो."

मला ते ठाऊक होतं. तेव्हा आमच्यात भिंत नव्हती.

"सुनी चांगली धडधाकट हाय," मी म्हटलं. "गप बसा."

संध्याकाळी बापू भिंतीपाशी आले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या. "पाणी तुमी वता, आक्का. मग मी चमचे टाकतो."

"सुनीता हाय की घरात."

"तिला कंच्या तोंडानं सांगू, पाणी वत म्हणून?"

मी ओतलं. दोन दिवसांनी सँपल पास झालं. तरी अजून दिवसातून सात-आठ वेळा मला भिंतीपाशी जावं लागतं. पाणी रेघेला पोचेपर्यंत बापू तोंड फिरवून उभे असतात.