परबकाकांना मरायला सवड नाही

सोसायटीच्या सत्यनारायणाला कुणी परबकाकांपुढे बटाटेवड्यांची ताटली धरली, की ते हात आडवा करून म्हणायचे, "नको. मी साक्षीदार आहे."

नवीन भाडेकरू दचकायचे. एकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "कसली केस आहे हो? खुनाची?"

केस वगैरे काही नाही. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यानं ज्यानं मृत्युपत्र केलं, त्यानं साक्षीदार म्हणून परबकाकांची सही घेतली होती. तेव्हा मुंबईत नुसतं मृत्युपत्र असून भागत नसे. माणूस गेल्यावर कोर्टातून प्रोबेट आणावं लागे, म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. त्यासाठी 'यांना सही करताना मी डोळ्यांनी पाहिलं' असं शपथेवर सांगणारा साक्षीदार लागे. तो अर्थातच जिवंत असावा लागे. ही शेवटची अट काकांनी फार मनावर घेतली होती.

काका मालवणचे. विक्रोळीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण तब्येत जपावी तर काकांनी. रोज सकाळी चालणं, संध्याकाळी चालणं, जिना उतरताना कठडा घट्ट धरून. रस्ता ओलांडताना सिग्नल हिरवा झाला तरी हे उभेच; 'हा जुना हिरवा, पुढचा ताजा येऊ दे' म्हणणारे. मी एकदा म्हटलं, "काका, किती तो जीव जपायचा!"

"माझो जीव खंयचो?" काका कळवळले, की मालवणीवर यायचे. "मी गेलंय तर चव्हाणाच्या गाळ्याचा काय होतला? माका मराक सवड नाय गो!"

सहीही सहजासहजी द्यायचे नाहीत. मृत्युपत्र करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर हवं, असा कायदा आहे. ते तपासायची काकांची स्वतःची परीक्षा होती. तीन प्रश्न. आज वार कुठला? सकाळी काय खाल्लंस? आणि आपला सेक्रेटरी कसा आहे? सेक्रेटरीबद्दल कुणी चांगलं बोललं, तर काका पेनाचं टोपण लावायचे. "आज नको. जरा बरं वाटलं की या."

काका शिंकले, तर तीन मजल्यांच्या खिडक्या उघडायच्या. त्यांना ताप आला तेव्हा दारात पेज, सूप, काढा यांची रांग लागली. प्रत्येकाचा फ्लॅट त्या तापात अडकला होता ना!

आमचाही होता. आईनं राहतं घर माझ्या धाकट्या बहिणीच्या, मेधाच्या नावे केलं होतं. आईचं सगळं शेवटपर्यंत तिनंच केलं. आमच्या दादाचं त्यावर काही म्हणणं नव्हतं; वहिनीचं होतं. आई गेली तेव्हा मृत्युपत्रावरचा दुसरा साक्षीदार आधीच वारला होता. उरले परबकाका. त्यांच्या त्या तापात फक्त वहिनीनंच चौकशी केली नाही.

मी कामसू बाई. यादी करायची, एकेक काम उरकायचं, रेघ मारायची. मृत्यूचा दाखला, वकील, मूळ मृत्युपत्र अशी यादी केली आणि सर्वांत वर लिहिलं : परबकाकांना सुखरूप कोर्टात नेणे.

टॅक्सीत ते पुढे बसायला तयार होईनात. "साक्षीदार मागे बसतो." बोलू नका, फक्त 'हो' म्हणा, असं वकिलांनी त्यांना बजावलं होतं. मी परत बजावलं. मेधा तर रडायच्या बेतात होती.

शपथ देणाऱ्या साहेबांनी विचारलं, "प्रतिज्ञापत्र वाचलंत? मजकूर खरा आहे?"

"खरा आहे," काका म्हणाले, "पण अपुरा आहे."

वकिलांनी डोळे मिटले.

"काय राहिलं?"

"दडपे पोहे राहिले, साहेब. सही करायच्या आधी वहिनींनी, म्हणजे हिच्या आईनं, माझ्यासमोर केले. मीठ बरोबर, लिंबू बरोबर. न चाखता! ज्या बाईला दडप्या पोह्यांतल्या मिठाचा अंदाज येतो, तिचं डोकं ठिकाणावर असतं. हे लिहायला नको?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "तेवढं आम्ही धरून चालतो, काका. सही करा."

वेळ लागला, पण प्रोबेट मिळालं. घर मेधाचं झालं. मी यादीवर शेवटची रेघ मारली.

पुढे कायदा बदलला. प्रोबेटची सक्ती गेली. सोनटक्के म्हणजे आमचे सेक्रेटरी, ते लिफ्टमध्ये काकांना म्हणाले, "सुटलात, काका! आता लागेल ते खा, कुठेही फिरा!"

"सुटलो," काका म्हणाले.

त्यानंतर ते चालायला दिसेनात. मग एके दिवशी दिसले ते सिग्नल लाल असताना भर रहदारीतून रस्ता ओलांडताना, हातात वड्यांचा पुडा. मी मागोमाग घरी गेले. दार उघडंच होतं. टेबलावर पुडा सोडलेला, काका खुर्चीत.

"हे काय चाललंय, काका?"

"आता कुणाचं काय अडलंय?" ते म्हणाले. मग पुडा बाजूला सारत, "तुझी काकू गेली, तेव्हा मी जेवण सोडलं होतं. तुझ्या आईनं बोलावून घेतलं. पोहे पुढे ठेवले आणि म्हणाली, भावजी, मला साक्षीदार हवाय. आता माझ्या आधी तुम्हाला जायची परवानगी नाही. तिच्यामागून मग सगळी बिल्डिंग आली."

आईच्या ओळखीत वकील होते, बँकेतले होते, भाऊ होता. काकांनाच का निवडलं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

रविवारी मी माझं मृत्युपत्र घेऊन काकांकडे गेले. प्रोबेटची सक्ती गेली तरी मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतातच. दुसरे म्हणून सोनटक्क्यांना सोबत नेलं.

काकांनी चष्मा लावला. "वार?"

"रविवार."

"सकाळी काय खाल्लंस?"

"घावणे."

"सेक्रेटरी कसा आहे?"

सोनटक्के माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पार्किंगच्या वाटपात स्वतःच्या मेव्हण्याला पुढे घुसवलं त्यांनी."

"अहो, काहीतरीच!" सोनटक्के ओरडले.

"डोकं ठिकाणावर आहे," काका म्हणाले आणि पेन उघडलं. मी सही केली, सोनटक्क्यांनी फुरंगटून केली. काकांचं पेन कागदावर थबकलं.

"वय काय गो तुझं?"

"अठ्ठावन्न."

"आणि तुझी आई किती जगली?"

"नव्वदीला टेकली होती."

काका छताकडे बघत बराच वेळ हिशेब करत बसले. मग ठसठशीत सही केली, टेबलावरचा वड्यांचा ताजा पुडा माझ्या हातात दिला आणि खुर्चीखाली वाकून चालायचे बूट शोधू लागले.