लाभलेलं घर

भाडेकरू हा घराचा अविभाज्य घटक असून घर विकताना तो आधी वेगळा काढावा लागतो. भिंती, चौकटी, हापसा, अंगणातला लिंब हे सगळं खरेदीखतात जातं. भाडेकरू गिऱ्हाइकाला चहा करण्यापुरता उरतो. हिंगोली जिल्हा झाल्यापासून ही पद्धत फार शिस्तीने पाळली जाऊ लागली. जिल्हा होणे ही मंगल घटना आहे. कलेक्टर येतात, कचेऱ्या येतात, आणि ज्या गल्लीत शेळीसुद्धा मुक्कामाला राजी नव्हती तिथल्या मालकाला एकाएकी आपल्या घराची किंमत कळते.

एसटीत कंडक्टर असलेल्या उकंडरावांच्या घरमालकाला, म्हणजे शिवप्रसादशेठना, ती कळली तेव्हा उकंडरावांची लेक शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आठवा लागला होता. शेठ मोठ्या मायेने म्हणाले, "उकंडराव, घर विकायला काढून राहिलो. तुमी तं घरचेच हाव. गिऱ्हाईक आलं की जरा दाखवत जा." (माणसाला घराबाहेर काढताना आधी त्याला घरचा म्हणावं, अशी आपल्याकडे रीत आहे.)

उकंडराव वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, मालक बदलला म्हणून भाडेकरूला निघावं लागत नाही. भाडं देत राहा, कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी हात लावू शकत नाही. उकंडरावांची छाती फुगली. भाडेकरूचे हक्क भक्कमच असतात. ते चांदीच्या ताटासारखे असतात. आहेत एवढं ठाऊक असावं, जेवायला काढू नयेत.

शेजारच्या मंजुळाबाईंनी कोर्टापेक्षा स्वस्त उपाय सांगितला. या मुलखात घर घेणारा माणूस गळकं छत बघत नाही, कागद बघत नाही; तो घरातल्या बाईला विचारतो, "बाई, घर लाभलं का?" बाई नुसती 'न्हाई' म्हणाली की गिऱ्हाईक चपला हातात घेऊन पळतं.

"मंग म्हन की न्हाई!" उकंडराव बायकोला म्हणाले. "एका शब्दाचं तं काम हाये."

आशाबाई कडाडल्या, "तुमच्या जिभेला काही हाड? वास्तू तथास्तु म्हनती! पोटुशी लेक घरात, आन् मी आपल्या तोंडानं म्हनू न्हाई लाभलं?"

"बरं, मी म्हनतो."

"तुमचं वास्तूला ऐकू येत न्हाई व्हय?"

कायद्यात वास्तूच्या तथास्तुवर अपील नाही.

सेनगावहून भागवतराव सपत्नीक आले. उकंडरावांनी गळकी जागा बोट लावून दाखवली. "डांबर टाकू," भागवतराव म्हणाले. भिंतीची भेग दाखवली. "कॅलेंडर लावू." मग त्यांच्या मंडळींनी आशाबाईंना तो प्रश्न विचारला. उकंडराव बायकोकडे असे बघत होते, की दगडालाही पाझर फुटावा. आशाबाईंनी चहा पुढे ठेवला, एकदा लेकीकडे पाहिलं आणि ठसक्यात म्हणाल्या, "लई लाभलं, बाई. नवऱ्याची नोकरी इथं पक्की झाली, लेकीचं इथंच जमलं, आता लेकरू बी इथंच व्हईल."

शिवकन्या दारात उभी होतीच. पोटुशी बाई म्हणजे भरलं घर. यापुढे बघण्यासारखं काही नव्हतं. विसार तिथेच दिला गेला.

"रिकामं कधी करता?" भागवतरावांनी विचारलं. उकंडरावांनी हक्क सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भागवतरावांच्या मंडळींनी आशाबाईंची खणानारळाने ओटी भरली. "हसत जा, बाई," त्या म्हणाल्या. "कुढत गेलं तं आमाला लाभायचं न्हाई." आता ज्यांच्या हातची ओटी घेतली त्यांच्यावर कोणत्या तोंडाने दावा करणार? आशाबाई हसल्या. वास्तू ऐकत होती.

जन्मभर लोकांना 'पुढं सरका' म्हणणारे उकंडराव स्वतः सरकले. टेम्पोत गाद्यांवर टेकून बसलेल्या शिवकन्येने विचारलं, "बाबा, माझं बाळंतपण आता कुठं करायचं?" उकंडराव हसतच राहिले. हसत जायचं ठरलं होतं ना.

भागवतरावांना ते घर खरोखरच लाभलं, असं म्हणतात. तुम्हांलाही तुमचं लाभलंच असेल. पहिल्यांदा बघायला गेलात तेव्हा एका बाईने तुम्हांला चहा दिला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा ती 'लई लाभलं' म्हणाली होती, आणि ती पुढे कुठे गेली हे विचारायचं तेवढं राहून गेलं.